संजय गांधी निराधार अनुदान आणि पगार: कोकणातल्या दिव्यांगांच्या बाजूने एक परीक्षण

रकमेला पाचपैकी साडेतीन, अर्जाच्या वाटेला अडीच, आणि नोकरी धरू पाहणाऱ्या माणसाला ही योजना कशी वागवते त्याला एक. गुण आधीच सांगून टाकले, कारण पुढचं सगळं त्या शेवटच्या एका गुणाबद्दल आहे.

हे परीक्षण ज्याला अजिबात काम करता येत नाही त्याच्यासाठी नाही. त्याने अर्ज करावा, अनुदान घ्यावं, तो त्याचा हक्क आहे. हे लिहिलंय ते काजूच्या कारखान्यात प्रतवारीला बसू शकणाऱ्या, सेतूत टायपिंग करू शकणाऱ्या, आंब्याच्या हंगामात पेट्या भरू शकणाऱ्या दिव्यांगासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी. त्यांना सगळीकडे एकच सल्ला मिळतो: "कामाला लागू नको, पैसे बंद होतील." हा सल्ला अर्धा खरा आहे. कुठे खरा आणि कुठे खोटा ते आकड्यांत बघू.

काय मिळतं, कोणाला मिळतं

किमान ४० टक्के दिव्यांगत्व, वय ६५ च्या आत, महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचं वास्तव्य, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत. इतर निराधारांसाठी हीच मर्यादा २१,००० आहे, दिव्यांगांसाठी ती वाढवून दिलेली आहे. रक्कम २०२३ पासून महिना १,५०० होती. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांना २,५०० झाली, म्हणजे वर्षाला ३०,०००. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २४ मध्ये स्पष्ट आहे की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त मिळालं पाहिजे. इतकी वर्षं दिव्यांगाला आणि इतरांना सारखेच पैसे मिळत होते, ती चूक आता दुरुस्त झाली. साडेतीन गुण त्याचे.

वाढीव रक्कम येत नसेल तर सर्वात आधी हे तपासा की तहसीलच्या संजय गांधी योजना शाखेत तुमचा यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाच्या ओळखपत्राचा क्रमांक नोंदलाय का. जुनं कागदी प्रमाणपत्र फाइलला लागलेलं असतं, पण संगणकात तुम्ही दिव्यांग म्हणून नसता, नुसते निराधार असता. मग १,५०० च येतात आणि कोणी सांगायलाही येत नाही.

पन्नास हजारांची धार

आता मुख्य मुद्दा. ५०,००० ही मर्यादा सुरीच्या पात्यासारखी आहे. एका बाजूला पूर्ण अनुदान, दुसऱ्या बाजूला शून्य. मध्ये उतार नाही.

एक घर धरू. आई आणि मुलगा. आईचं वय साठच्या आत, काजूबी विकून आणि मोलमजुरी करून वर्षाला २०,००० येतात. मुलाला पोलिओमुळे ६० टक्के दिव्यांगत्व, त्याचं अनुदान ३०,०००. घरात एकूण ५०,०००.

मुलाने घरी बसून महिना २,५०० चं काम धरलं, समजा काजू सोलायचं. वर्षाची कमाई ३०,०००. कुटुंबाचं उत्पन्न झालं ५०,०००, म्हणजे मर्यादेत. अनुदान चालू. घरात आले ८०,०००.

कारखान्याने खूश होऊन त्याला ३,००० द्यायला सुरुवात केली. कमाई ३६,०००, कुटुंबाचं उत्पन्न ५६,०००, अनुदान बंद. घरात आले ५६,०००. महिन्याला ५०० रुपयांची वाढ, आणि वर्षाला २४,००० चा तोटा.

पुन्हा ८०,००० गाठायला पगार ५,००० लागतो. कामावर जायला रिक्षा लागत असेल, रोज येऊन-जाऊन ६० रुपये आणि महिन्याला २६ दिवस धरले, तर १,५६० तिथेच गेले. म्हणजे या घरासाठी खरी रेघ ६,५६० वर आहे. साडेसहा हजारांच्या खालची बाहेरची नोकरी धरली तर हा मुलगा वर्षभर राबून घर आधीपेक्षा गरीब करतो. आणि १०,००० ची मिळाली तर? १,२०,००० अधिक आईचे २०,०००, त्यातून रिक्षाचे १८,७२० वजा. उरले १,२१,२८०. आधीच्या ८०,००० पेक्षा ४१,००० हून जास्त. ही नोकरी घ्यावी. बिनधास्त घ्यावी.

म्हणूनच "कामाला लागू नको" हा सल्ला सरसकट चुकीचा आहे. २,५०० पर्यंत काम करा, साडेसहा हजारांच्या वर काम करा, मधल्या पट्ट्यात अडकू नका. तुमच्या घरचे आकडे वेगळे असतील, पण मांडणी हीच: ५०,००० मधून घरच्या बाकीच्यांचं वार्षिक उत्पन्न वजा करा, उरलेल्याला १२ ने भागा. तो तुमचा खालचा आकडा. त्यात २,५०० मिळवा आणि कामावर जाण्याचा महिन्याचा खर्च मिळवा. तो वरचा आकडा. पगार या दोहोंच्या मध्ये पडत असेल तर मालकाशी बोला. तास कमी करून खाली या, किंवा थोडं थांबून वरचं काम शोधा.

इथे मनापासून राग येतो तो एका गोष्टीचा. उत्पन्नाच्या दाखल्यात खर्च वजा होत नाही. कॅलिपरची दुरुस्ती, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, कॅथेटर, सोबत लागणारा माणूस, हे सगळं दिव्यांग घराचं रोजचं देणं आहे. कागदावर मात्र ५०,००० कमावणारं दिव्यांग घर आणि ५०,००० कमावणारं धडधाकट घर सारखंच.

उतार कसा असतो ते बाहेर दिसतं. अमेरिकेतल्या एसएसआय नावाच्या दिव्यांग-साहाय्यात कमाईतले सुरुवातीचे काही डॉलर सोडून देतात आणि पुढच्या दर दोन डॉलरमागे मदतीतला एकच कापतात. ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट दर पौंडामागे ५५ पेन्सने घटतं. आपल्याकडे ५०,००० च्या वरच्या दर दोन रुपयांमागे एक रुपया कापला असता तर वरच्या घरात ३,००० पगारावर अनुदान २७,००० राहिलं असतं आणि घरात ८३,००० आले असते. पगारवाढीला कोणी घाबरलं नसतं. १,१०,००० च्या उत्पन्नावर अनुदान आपसूक संपलं असतं. तालुका समितीच्या हातात हे नाही. निवेदन द्यायचं तर दिव्यांग कल्याण विभागाला आणि सामाजिक न्याय विभागाला द्यावं. दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग राज्याने ३ डिसेंबर २०२२ ला काढलाय, तो अशाच प्रश्नांसाठी असायला हवा.

हंगामी काम इथे बसतं

कोकणापुरती एक जमेची बाजू आहे. मर्यादा वार्षिक आहे, महिन्याची नाही. एप्रिल-मे मध्ये आंब्याच्या शेडवर महिना १२,००० मिळाले तरी वर्षाचे २४,००० च होतात. वरच्या आईच्या २०,००० सोबत ते ४४,०००. अनुदान शाबूत. तलाठ्याने मे महिन्यातली मजुरी गुणिले १२ केली तर तिथेच थांबवा आणि काम किती महिन्यांचं ते शेडमालकाकडून एका ओळीत लिहून आणा. काम कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, एकूण किती दिले, सही. एवढं पुरतं.

वर्ष म्हणजे आर्थिक वर्ष, १ एप्रिल ते ३१ मार्च. हापूसचा हंगाम या रेघेवरून जातो: मार्चमध्ये भरलेल्या पेट्यांची मजुरी एका वर्षात, एप्रिल-मेची पुढच्या वर्षात. बारमाही नोकरीलाही हाच नियम. डिसेंबरमध्ये ९,००० वर लागलात तर मार्चपर्यंत ३६,००० च होतात. घरचं बाकी उत्पन्न १४,००० पर्यंत असेल तर ते वर्ष मर्यादेत संपतं, आणि नोकरी टिकते की नाही हे कळायला चार महिने मिळतात. यात लबाडी नाही, नियमच तसा आहे. मात्र पुढच्या वर्षी बेरीज ५०,००० ओलांडणार हे दिसलं की तहसीलला लेखी कळवा. न कळवता घेतलेले पैसे वसुलीला निघतात, आणि एकदा फाइलवर तसा शेरा पडला की पुढचा प्रत्येक अर्ज जड जातो.

दाखला कुठे अडतो

अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून किंवा थेट तहसीलमध्ये. सोबत आधार, रेशनकार्ड, रहिवासाचा आणि वयाचा पुरावा, यूडीआयडी, बँकेचं पासबुक, फोटो आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. छाननी होऊन अर्ज तालुक्याच्या संजय गांधी निराधार समितीपुढे जातो. समितीच्या बैठका लांबल्या की अर्ज पडून राहतो. यादीत बाकी सगळं सोपं आहे, घोडं पेंड खातं ते उत्पन्नाच्या दाखल्यावर.

पहिली अडचण सातबारा. कोकणात एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस सहहिस्सेदारांची नावं असतात. अर्धे मुंबईला, काहींचा पत्ताच नाही. तरी आंबा-काजूची अख्खी बाग दिव्यांगाच्या घरच्या उत्पन्नात धरली जाण्याची भीती असते. तलाठ्याकडे जाताना ८अ चा उतारा न्या, त्यात तुमच्या खात्याचं क्षेत्र दिसतं. झाडं खंडाने दिलेली असतील तर खंडाची रक्कम आणि त्यातला तुमचा हिस्सा कागदावर ठेवा.

दुसरी अडचण रेशनकार्ड. मुंबईचा भाऊ गणपतीला आणि शिमग्याला येतो, चूल वेगळी, संसार विरारला, पण नाव गावच्या रेशनकार्डावर. त्याचा पगार धरला की अर्ज तिथेच संपला. भाऊ खरोखर वेगळा राहत असेल तर त्याचं नाव आधी कमी करून घ्या आणि मग उत्पन्नाच्या दाखल्याला हात घाला. उलटा क्रम केला की दोन फेऱ्या वाढतात. एकत्र राहत असाल तर मात्र कागदावर वेगळं दाखवू नका. पोलीस पाटलापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं.

तिसरी गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. आई ६५ ची होऊन श्रावणबाळ योजनेत असेल तर तिची मर्यादा २१,००० ची आहे. एकाच रेशनकार्डावर घर एक धरलं गेलं की मुलाची कमाई त्याच्या स्वतःच्या ५०,००० मध्ये बसते, पण आईचे महिना १,५०० धोक्यात येतात. वरचा-खालचा आकडा काढताना आईचे वर्षाचे १८,००० ही त्यात धरा.

बहिणींसाठी एक वेगळं. लाडकी बहीण आणि हे अनुदान एकत्र मिळत नाही, कारण दुसऱ्या योजनेतून १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर तिथे अपात्रता आहे. लाडकी बहीणची उत्पन्न-मर्यादा अडीच लाखांची आहे. नोकरीमुळे संजय गांधी सुटलं तर कागदोपत्री ती वाट उरते, पण नवी नोंदणी उघडी असेल तरच. आधी हे सोडायचं आणि मग ते बघायचं, असं करू नका.

यूडीआयडी

अर्ज स्वावलंबन कार्डाच्या पोर्टलवर. रुग्णालय निवडायचं, नोंदणी क्रमांक घ्यायचा, तपासणीच्या वारी जायचं. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्र या पोर्टलवरूनच निघतं. कार्डावरचा पिवळा पट्टा ४० ते ७९ टक्क्यांसाठी, निळा ८० आणि वर, पांढरा ४० च्या खाली. पांढऱ्यावर हे अनुदान नाही.

मंडणगड-दापोलीकडून रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय गाठायचं किंवा दोडामार्गहून ओरोस, म्हणजे दिवस जातो. म्हणून निघण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा: त्या दिवशी तुमच्या प्रकाराचे डॉक्टर आहेत का, आणि चाचणी तिथेच होते का. कानाच्या बाबतीत, विशेषतः लहान मुलांना, बेरा चाचणी मागतात आणि तिचं यंत्र सगळीकडे नसतं. बौद्धिक दिव्यांगत्वाला बुद्ध्यांक चाचणी लागते. हे न विचारता गेलेली माणसं हात हलवत परत येतात.

प्रमाणपत्र हातात आलं की तिथेच उभं राहून तीन ओळी वाचा. नाव आधारसारखंच आहे का. टक्केवारी अंकात आणि अक्षरात एक आहे का. आणि कायमस्वरूपी की तात्पुरतं. तात्पुरत्यावर शेवटची तारीख असते. ती उलटली की अनुदान थांबू शकतं, नोकरीतली सवलतही थांबू शकते. तीन महिने आधी फेरतपासणीचा अर्ज टाका.

पैसे येतात, पण कुठे?

अनुदान आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतं. अर्जासोबत कोणतं पासबुक लावलं होतं याला फारसा अर्थ राहत नाही. आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलं गेलं, तिथे पैसे जातात.

नोकरी धरणाऱ्याची गोची इथे होते. मालक पगारासाठी नवीन खातं उघडायला लावतो, बँकेत अंगठा घेतात, आणि त्याच वेळी आधारची जोडणी नव्या खात्याकडे सरकते. पुढच्या महिन्यात जुन्या खात्यात अनुदान नाही. घरी रडारड, "नोकरीमुळे बंद केलं" अशी समजूत, तहसीलच्या फेऱ्या. पैसे मात्र पगाराच्या खात्यात पडून असतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती बघता येते, सेवा केंद्रवाला दोन मिनिटांत सांगतो. कोणती बँक दिसते ते बघा, मग तहसील गाठा. नवीन खातं उघडताना आधार फक्त ओळखीसाठी द्या आणि थेट लाभ हस्तांतरणाच्या चौकटीत खूण करायची की नाही ते ठरवून करा.

अंगठ्याचंही एक दुखणं आहे. काजूच्या टरफलात जे तेल असतं ते कातडी जाळतं. कच्ची बी फोडणाऱ्यांच्या बोटांची टोकं आधी काळी पडतात, मग साल निघते, आणि अंगठ्याच्या रेषा इतक्या पुसट होतात की यंत्र नुसतं लाल दिवा दाखवत राहतं. जाळ्यांवर काम करणाऱ्यांचंही तेच. दहापैकी कोणतंही बोट चालतं, करंगळी बहुधा शाबूत असते. नाहीतर डोळ्यांच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे, ती मागा. बोटं नसलेल्यांसाठी आधारमध्ये अपवादाची तरतूद आहे, कोणी परत पाठवत असेल तर हे ठामपणे सांगा. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्याची मुदत शाखेत विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवा. हयात माणसाचं अनुदान केवळ या कागदापायी थांबलेलं असतं, आणि कामावर जाणाऱ्याला सुट्टी काढून तो द्यायला जमत नाही म्हणून त्याचं जास्त.

पगाराच्या बाजूने काय पदरात पडतं

अनुदान सुटणार असेल तर हे सगळं वसूल करा. महाराष्ट्रात दिव्यांगांना व्यवसाय कर माफ आहे. पुरुषाचा पगार १०,००० च्या वर गेला की महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २,५०० कापले जातात. प्रमाणपत्राची प्रत हिशोबनिसाला द्या आणि कपात थांबवा. छोट्या कारखान्यांत ही माफी माहीतच नसते. कर्मचारी राज्य विम्याची (ईएसआय) पगार-मर्यादा इतरांना २१,००० असली तरी दिव्यांगांना २५,००० आहे. एसटीत भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, तिचा हिशोब वरच्या प्रवासखर्चात धरा. गाडी वेळेत येत असेल तर रिक्षापेक्षा ती कितीतरी स्वस्त.

स्वतःचा धंदा करायचा तर समाज कल्याणची बीज भांडवल योजना बघा: दीड लाखापर्यंतच्या व्यवसायाला ८० टक्के बँकेचं कर्ज आणि २० टक्के, कमाल ३०,००० अनुदान. अडतं ते बँकेत, जामीनदार आणि आधीच्या थकबाकीवर. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. चार लाख वसुलीच्या गावात ते २०,००० होतात. पंधरा जणांत वाटले तर हातात फारसं येत नाही. पण तेच पैसे एकत्र करून गावातल्या पाखाडीला, म्हणजे दगडी पायवाटेला, कठडा बसवला तर चार जणांची नोकरी टिकते. ग्रामसभेत हे मांडायला कोणाची ना नसते, फक्त मांडावं लागतं.

पाऊस लागला की

ही योजना कोकणात सर्वात जास्त कुठे तोकडी पडते ते आता सांगतो. इथे दिव्यांगाची नोकरी सुटते ती बहुधा जून-जुलैत. काम येत नाही म्हणून सुटते असं थोडंच आहे. घरापासून रस्त्यापर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी असते. मिरगाच्या पंधरवड्यात तिच्यावर शेवाळ धरतं, कुबडीचं रबर त्यावर टिकत नाही. कारखान्यांची जोती पावसामुळेच उंच बांधलेली. व्हीलचेअरच्या उतरंडीला एकास बारा हे प्रमाण लागतं, म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या जोत्याला ५.४ मीटर लांब रॅम्प. प्रत्यक्षात दोन मीटरची फळी टाकलेली असते, आणि ओली फळी म्हणजे पडणं ठरलेलं. प्रतवारीच्या टेबलाखाली गुडघे जात नाहीत, म्हणून माणूस तिरका बसून पांढऱ्याशुभ्र गरांच्या ढिगातून २४० आणि ३२० नंबर वेगळे करत राहतो. दोन महिन्यांत कंबर धरते. २०१६ च्या कायद्यात वाजवी सोय करून देण्याची तरतूद आहे. टेबलाचे पाय दहा सेंटिमीटरने उंच करणं हे त्यात अगदी बसतं. मागणी लेखी करा, सोबत मापं द्या. नुसतं "सोय करा" म्हटलं की कोणाला काय करायचं ते कळत नाही.

नोकरी सुटली की माणूस परत अनुदानाकडे वळतो आणि दाखल्यावर आपटतो. दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा निघतो. मागच्या वर्षी पगार होता, उत्पन्न ५०,००० च्या वर होतं. आज हातात काही नाही, पण कागदावर तो अजून कमावता आहे. पुढचा एप्रिल येईपर्यंत, कधी कधी त्याहूनही पुढे, तो ना कामगार ना लाभार्थी. जाताना अनुदान एका झटक्यात जातं, परत यायला वर्ष घेतं. लोक नोकरीला भितात ते यामुळे, आळसामुळे नाही. नोकरी सुटल्यावर सहा महिन्यांच्या आत जुनी मंजुरीच पुन्हा चालू केली तरी यातलं अर्धं भय जाईल.

तोवर करता येतं ते असं. नोकरी धरतानाच अनुदान थांबवण्याच्या अर्जात कारण लिहा, "नोकरी लागल्याने". नुसतं "नको" लिहू नका. मंजुरीच्या आदेशाची प्रत जपून ठेवा. सुरुवातीच्या पगारातून तीन महिन्यांच्या अनुदानाइतके, म्हणजे ७,५०० बाजूला टाका, आगोटीच्या, म्हणजे पावसाआधी भरून ठेवायच्या सामानात ते जाऊ देऊ नका. नोकरी सुटली त्याच आठवड्यात मालकाकडून शेवटच्या दिवसाची तारीख असलेलं पत्र घ्या. ते पत्र, खात्याचा उतारा आणि स्वयंघोषणापत्र घेऊन तहसीलदारांकडे चालू परिस्थितीची चौकशी करून दाखला मिळावा असा अर्ज करा. मिळेलच याची खात्री नाही, पण तलाठ्याची चौकशी एकदा कागदावर आली की समितीपुढे काहीतरी ठेवायला असतं. मार्चअखेर नवीन दाखल्याचे कागद आणि अर्ज तयार ठेवा, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात द्या, कारण मे मध्ये सगळे शाळा-कॉलेजच्या दाखल्यांसाठी रांगेत असतात. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोचेवर तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक तिन्ही हवेत. क्रमांक नसलेली पोच पुढच्या बैठकीत कोणालाच सापडत नाही.